पांढऱ्या थराची चौकशी: एका जुन्या लेदर बॅगेचं प्रकरण

बॅग मध्यम आकाराची, गडद तपकिरी, वासराच्या गुळगुळीत चामड्याची. पुढे फ्लॅप, वर धरायला छोटं हँडल, बाजूंना सोनेरी कड्या आणि खांद्याला अडकवायचा लांब पट्टा. हँडल आणि पट्टा मात्र वेगळ्या, फिक्या चामड्याचे. नावाजलेल्या युरोपीय ब्रँडची, वीसेक वर्षांची. मालकीण तरुण. बॅग तिच्या आत्यांची, त्यांनी वापरणं सोडल्यावर हौसेने भाचीला दिलेली. मधली बरीच वर्षं ती कपाटाच्या तळाच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती.

तक्रार एकाच वाक्यात आली: "ताई, बुरशी आलीय. काय लावू?"

तोवर तिला चारचौघांनी चार उपाय सांगून झाले होते. एकाने व्हिनेगर, दुसऱ्याने ओले वाइप्स, तिसऱ्याने सॅनिटायझर, आणि कुणी तरी "दोन दिवस कडक उन्हात ठेव." तिने यातलं काहीच केलं नव्हतं. कोरड्या रुमालाने एक कोपरा हलकेच पुसून पाहिला आणि ती थांबली. घरी केलेल्या लेदरच्या साफसफाईत मला इतका संयम क्वचितच दिसतो. बॅग वाचली ती बरीचशी त्या थांबण्यामुळे, हे मी तिलाही सांगितलं. आणि "काय लावू" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तिला उलटा प्रश्न विचारला: "आजवर हिला काय काय लावलंय?"

ते तिला ठाऊक नव्हतं. मग बॅगेलाच विचारावं लागलं.

पाहणी

खिडकीजवळ, तिरप्या उजेडात बॅग धरली की पुष्कळ गोष्टी दिसतात. छतावरच्या दिव्याखाली चामडं सपाट दिसतं. बाजूने येणाऱ्या उजेडात मात्र त्यावरचा थर, सुरकुत्या, झिजलेल्या कडा उठून दिसतात. हातात भिंग असेल तर उत्तम.

तक्रार एक असली तरी गोष्टी बऱ्याच निघाल्या. फ्लॅपवर आणि पुढच्या बाजूवर पांढरट, भुरकट थर. फ्लॅपच्या खाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, करड्या रंगाचे गोलसर ठिपके. कड्यांच्या मुळाशी, जिथे धातू चामड्याला टेकतो तिथे, हिरवट, मेणासारखा चिकट गोळा. हँडल हाताच्या पकडीत जवळजवळ काळं पडलेलं. मागच्या बाजूला निळसर झाक. हँडलच्या कडेवरच्या रंगाला बारीक तडे. आतल्या कापडी अस्तरावर बॉलपेनची रेघ. आणि कुबट वास.

शिवण शाबूत होती. हँडल जिथे बॅगेला जोडलेलं असतं ती जागा मी नेहमी आधी तपासते. वजन तिथेच पेललं जातं. तिथला दोरा विरलेला असेल तर साफसफाईच्या आधी बॅग शिवायला द्यावी लागते.

पुढचा प्रश्न असा की हे चामडं नेमकं कोणतं. बहुतेक जण इथेच घसरतात. महागडी बॅग म्हणजे नाजूक, नैसर्गिक चामडं असं गृहीत धरलं जातं, पण किमतीवरून पृष्ठभागाचा अंदाज बांधता येत नाही. लुई व्हिताँच्या प्रसिद्ध मोनोग्रॅम बॅगांचं अंग मुळात चामड्याचं नसतंच, ते लेप दिलेलं कापड असतं. खरं चामडं असतं ते हँडलला, पट्ट्याला आणि कडांना, आणि तेही कोणताही रंगीत लेप न दिलेलं. उलट आडव्यातिडव्या बारीक रेघांचं साफियानो चामडं दिसायला कितीही उंची वाटलं तरी पाण्याला आणि ओरखड्यांना चांगलंच दाद देत नाही. शनेलच्या खणाखणांच्या बऱ्याच बॅगा कोकराच्या मऊ चामड्याच्या असतात, त्यांवर नखाचाही ओरखडा उमटतो. तिघींना एकच क्रीम आणि एकच फडकं लावलं तर तिघींचं तीन प्रकारे नुकसान होईल.

चामड्याच्या पृष्ठभागाचे ढोबळ प्रकार असे. रंगद्रव्याचा लेप आणि त्यावर संरक्षक थर दिलेलं चामडं: पाणी यावर थेंब होऊन राहतं. अॅनिलिन चामडं: त्याला विरघळणाऱ्या रंगात मुरवलेलं असतं, वर लेप नसतो, रंध्रं उघडी असतात आणि जे पडेल ते ते पितं. या दोहोंच्या मधलं सेमी-अॅनिलिन. आणि लव असलेलं स्वेड किंवा न्यूबक, ज्याला ओला हात न लावणंच बरं.

ओळखण्याची घरगुती चाचणी साधी आहे. नजरेआड असलेल्या जागी डिस्टिल्ड पाण्याचा अगदी छोटा थेंब ठेवायचा आणि पाहायचं. थेंब तसाच राहिला तर लेप आहे. मुरून जागा गडद झाली तर लेप नाही. यात एक फसगत मात्र होऊ शकते: चामड्यावर तेल किंवा मेण बसलेलं असेल तर बिनलेपाच्या चामड्यावरही थेंब टिकतो आणि आपण त्याला लेपाचं समजून चालतो. म्हणून चाचणीसाठी अशी जागा शोधावी जिथे कुणाचं फडकं पोचलं नसेल. मी पट्ट्याच्या बकलाखालचा भाग आणि बॅगेच्या तळाशी धातूच्या खुंट्यांमधली जागा निवडली. तळावर थेंब टिकला, पट्ट्यावर तो चटकन मुरला आणि गोल गडद ठसा उमटला. सुकल्यावर ठसा बराच फिका झाला, पूर्ण गेला नाही. बकलाखाली असल्यामुळे तो दिसत नाही.

म्हणजे एकाच बॅगेत दोन चामडी होती. अंग लेपाचं, बहुधा क्रोम क्षारांनी कमावलेलं. जगातलं बहुतांश चामडं तसंच कमावतात. हँडल आणि पट्टा झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले, उघडे. पुढचा प्रत्येक निर्णय या फरकावर उभा होता.

थर एक नव्हता, दोन होते

आता पांढऱ्या थराकडे. या प्रकरणाचा गाभा तोच.

फ्लॅपच्या खालचे करडे ठिपके भिंगातून पाहिले तर त्यांत बारीक तंतू दिसत होते. ठिपके वेगवेगळे, काठ विरळ होत गेलेले. कुबट वास तिथेच सर्वांत जास्त. ही बुरशी, यात शंका नव्हती. फ्लॅपच्या वरचा थर मात्र वेगळा. त्यात तंतू नव्हते, ठिपके नव्हते. सगळीकडे सारखा, पावडर फासल्यासारखा. बोटाने पुसला की तिथे किंचित तुकतुकी यायची. आणि वास जवळजवळ नाहीच.

अशा वेळी एक सोपी परीक्षा उपयोगी पडते: ऊब. हेअर ड्रायर सर्वांत कमी तापमानावर ठेवून, वीतभराहून जास्त अंतरावरून, कोरड्या चामड्याच्या छोट्याशा जागेवर काही सेकंद कोमट हवा सोडली. पांढरा थर डोळ्यांदेखत विरघळून दिसेनासा झाला आणि चामड्याचा मूळ गडद रंग वर आला. बुरशी उबेने अशी नाहीशी होत नाही. वितळतं ते स्निग्ध द्रव्य.

म्हणजे हा थर मेदाचा होता. चामडं कमावताना ते मऊ राहावं म्हणून त्यात स्निग्धांश घालतात. शिवाय मालक वरून तेलं आणि क्रीम लावतात ती वेगळीच. यातली काही मेदाम्लं साध्या तापमानाला घन असतात. थंडावा मिळाला की ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पांढरी थिजतात. नव्या बुटांवर, जुन्या जॅकेटवर, खोगिरावरसुद्धा हे दिसतं. दिसायला बुरशीसारखं असल्यामुळे लोक त्यावर बुरशीचे उपाय करत राहतात. अल्कोहोल चोळतात, थर जातो, सोबत रंगाचा लेपही थोडा जातो, आणि पुढच्या गारव्यात थर परत येतो. मग आणखी जोर लावून चोळलं जातं.

मी तिला म्हटलं, "आत्यांना एकदा फोन करून विचार, बॅगेला कधी तेल लावायच्या का."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. आत्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "अगं, लावायचे ना! कातडं कोरडं पडू नये म्हणून वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. हँडलला जरा जास्तच, तिथे हात लागतो ना सारखा."

सगळा उलगडा त्या एका फोनने झाला. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. त्यातलं मुख्य मेदाम्ल, लॉरिक आम्ल, तेलापासून सुटं झालं की ते ४४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे साध्या खोलीत ते पांढरं, घन असतं. आणि ते सुटं करण्याच्या कामी बुरशीचा हात असतो, कारण बुरशीची विकरं (एन्झाइम्स) चरबीचे रेणू फोडून मेदाम्लं मोकळी करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेला दमटपणा, बुरशीला खायला तेल, आणि त्यातून सुटलेली मेदाम्लं: दोन्ही थर एकाच बॅगेवर शेजारी शेजारी का होते ते कळलं.

कड्यांजवळचा हिरवा गोळाही त्याच तेलाचा. सोनेरी कड्या बऱ्याचदा पितळेच्या असतात, वर पातळ मुलामा. मुलामा जिथे झिजतो तिथे पितळेतलं तांबं उघडं पडतं, मेदाम्लांशी त्याची प्रक्रिया होते आणि हिरवं, मेणचट संयुग तयार होतं. हँडल काळं पडलं होतं तेही तेलानेच. टॅनिनने कमावलेलं उघडं चामडं उजेडाने आणि हाताच्या स्पर्शाने वयानुसार गडद होतंच, पण ते हळूहळू आणि सुंदर होतं. आत्यांच्या तेलाने ते काम घाईने आणि ठिगळाठिगळांनी केलं होतं.

आत्यांना दोष देण्याचं कारण नाही. त्यांनी बॅग जिवापाड जपली. ज्या काळी चामडं म्हणजे वहाणा, खोगीर, मोट आणि पखाल होतं, त्या काळी तेल लावणं अगदी बरोबर होतं. ते चामडं जाड, उघडं आणि रोज पाण्यात भिजणारं असे. लेप दिलेल्या आजच्या बॅगेला त्या तेलाची गरज नसते आणि ते तिच्यात नीट मुरतही नाही. पण हा फरक बॅग विकताना कुणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साफसफाई: आधी कोरडं

बुरशी असताना ओलं फडकं सर्वांत शेवटी. ओल्या फडक्याने पुसली की ती शिवणीत आणि रंध्रांत पसरते. आधी तिची ओल काढून घ्यायची, म्हणजे ती निपचित पडते आणि ठिसूळ होते, मग झाडता येते.

बॅग रिकामी करून, सगळ्या चेनी आणि खिसे उघडून, कोरड्या हवेशीर खोलीत सावलीत ठेवली. ऊन नाही, हीटर नाही, पंख्याचा थेट झोतही नाही. उन्हाने बुरशी दबते हे खरं, पण त्याच उन्हाने रंग उडतो आणि चामडं एका अंगाने आक्रसतं. ओल्या चामड्याला उष्णतेचं भय कोरड्याहून कितीतरी जास्त असतं. टॅनिनने कमावलेलं ओलं चामडं ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान कायमचं आकसून कडक होतं, आणि भिजलेल्या बॅगेवर तापलेला ड्रायर जवळून धरला तर पृष्ठभाग तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. कोरड्या जागेवर काही सेकंद कोमट हवा आणि भिजलेल्या बॅगेवर गरम झोत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

काही दिवसांनी वास कमी झाला, ठिपके कोरडे पडले. मग घराबाहेर, मोकळ्या हवेत, तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात मोजे घालून, मऊ केसांच्या ब्रशने ठिपके झाडले. ब्रश नेहमी एकाच दिशेने, स्वच्छ भागाकडून बाहेर. शिवणीत बारीक ब्रश. अस्तर बाहेर ओढून तेही झाडलं. वापरलेली फडकी फेकून दिली. दमा किंवा अॅलर्जी असलेल्या माणसाने हे काम करूच नये.

त्यानंतर मेदाचा थर. तळहाताएवढा भाग घ्यायचा, कोमट हवा द्यायची, थर वितळला की लगेच मऊ, स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्यायचा. चोळायचं नाही, टिपायचं. फडक्याची घडी सतत बदलत राहायची, नाहीतर इथलं तेल तिथे जातं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात घाई चालत नाही. मेद आत खोलवर मुरलेला असतो, एका बैठकीत सगळा निघत नाही. तिला तसं आधीच सांगून ठेवलं.

कड्यांजवळचा हिरवा गोळा लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने उचलला, उरलेला कोरड्या कापूसकाडीने. तो मऊ असतो, पसरवला तर फिक्या चामड्यावर हिरवा डाग कायमचा बसतो. धातू फक्त कोरड्या फडक्याने पुसला. पितळ चकाकवण्याचं पॉलिश अशा कड्यांना लावू नये. त्यात घासणारे कण असतात, मुलामा आणखी पातळ होतो, आणि पॉलिश चामड्याला लागलं तर तिथला रंग जातो.

मग ओली सफाई, आणि तीही फक्त लेपाच्या अंगाला. चामड्याचा स्वभाव आम्लधर्मी, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ३.५ ते ५. अंगाचा साबण ९-१० च्या घरात असतो, खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर. असं अल्कधर्मी पाणी वारंवार लागलं की चामड्यातले तंतू आणि त्यांना धरून असलेला रंग दोन्ही सैल पडतात. खोगिराचा साबण लोक लेदरचा म्हणून विश्वासाने वापरतात, पण तोही साबणच, आणि हँडबॅगेसाठी बनवलेला नाही. म्हणून लेदरसाठीचं, चामड्याच्या पीएचशी जुळणारं क्लीनर घेतलं. फेस बॅगेवर ओतायचा नाही, स्पंजवर घ्यायचा. आधी तळाशी चाचणी, पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतोय का ते पाहिलं, उतरला नाही. मग हलक्या हाताने, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सलग. मध्येच थांबलं तर तिथे कड उमटते. मागोमाग डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं.

स्पंज मळून तपकिरी-करडा झाला. तो बॅगेचा रंग नव्हता, वर्षांचा मळ होता. अंगाचा पुसलेला आणि न पुसलेला भाग शेजारी पाहिल्यावर ती एवढंच म्हणाली, "आत्याची बॅग अशी होती तर!"

निळी झाक

मागच्या बाजूची निळसर झाक म्हणजे जीन्सचा रंग. डेनिमचा नीळ रंग पाण्यात विरघळत नाही. तो धाग्याच्या बाहेरच्या बाजूला बसलेला असतो आणि घासला की सुटतो. बॅग मांडीशी घासत राहते, रंग लेपावर उतरतो. ताजा असेल तर क्लीनरच्या फेसाने निघतो. पण उबेत आणि दाबाखाली वर्षं गेली की तो लेपात शिरतो, आणि मग तो काढणं म्हणजे लेपच काढणं.

क्लीनरने दोनदा हलकं पुसलं. वरचा थर निघाला, खालची सावली राहिली. इथे हात शिवशिवतो, कारण आणखी थोडं चोळलं तर जाईल असं वाटतं. नेलपॉलिश रिमूव्हरने, अल्कोहोलने ती जातेही. पण त्याच द्रावकात अॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेनचे लेप मऊ होतात, विरघळतात. सॅनिटायझरमध्ये ६० ते ७० टक्के अल्कोहोल असतं, म्हणून त्याचे थेंब पडलेल्या बॅगांवर फिके ठिपके दिसतात. पांढरा मेलॅमिन स्पंज जादूने डाग काढतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो अतिशय बारीक सँडपेपर आहे. गडद तपकिरी बॅगेवरची ती फिकी सावली, तीही अंगाकडच्या बाजूला, मी तशीच ठेवली. मालकिणीला प्रश्न विचारला, "निळी सावली हवी की लेप गेलेला फिका डाग?" तिने क्षणात उत्तर दिलं.

अस्तरावरच्या बॉलपेनच्या रेघेलाही हात लावला नाही. हेअर स्प्रेने शाई निघते हा सल्ला फार जुना आहे, पण अल्कोहोलने शाई आधी पसरते आणि कापडाच्या आरपार जाऊन चामड्यात उतरू शकते. आतल्या बाजूची रेघ कुणाला दिसत नाही.

हँडल

ती सर्वांत जास्त हळहळली ती हँडलसाठी. पट्टा फिका बदामी आणि हँडल काळपट, हे तिच्या डोळ्यांत सलत होतं. "हे नाही का होणार पूर्वीसारखं?"

उघड्या, टॅनिनच्या चामड्यात तेल एकदा मुरलं की घरच्या घरी ते बाहेर काढता येत नाही. ताज्या तेलाच्या डागावर कॉर्नस्टार्च किंवा टाल्कम पावडरचा थर रात्रभर ठेवला तर थोडंफार तेल शोषलं जातं. तो प्रयोग हँडलवर करून पाहिला, थोडा चिकटपणा गेला, रंग तसाच. वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाकडून याहून जास्त अपेक्षा नव्हतीच. लिंबू, ब्लीच, ऑक्झॅलिक आम्ल यांचे उपाय सांगितले जातात. लिंबू डाग फिका करता करता नवा डाग देतं, ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. आणि सँडपेपरने घासून फिकं केलेलं हँडल म्हणजे वरची घट्ट साय काढून टाकलेलं चामडं, पुढच्या हाताच्या घामाला ते दुप्पट वेगाने काळं पडतं.

पाण्याबद्दलही या चामड्यावर स्वतंत्र सावधगिरी लागते. त्यावर एकाच जागी पाणी लागलं की ते टॅनिन विरघळवून काठाकडे ढकलतं आणि सुकताना गडद कड सोडतं. पावसाचे थेंब पडलेल्या पट्ट्यावर दिसतात ती गडद वलयं म्हणजे हेच. म्हणून हँडल आणि पट्टा फक्त कोरड्या मऊ ब्रशने साफ केले.

पट्टा मात्र सुटा करता येण्याजोगा होता. काढून वेगळा ठेवला आणि उजेड येणाऱ्या, पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी काही काळ मोकळा टांगला. तो हळूहळू गडद होत हँडलच्या थोडा जवळ जाईल. दोघांत मेळ बसवण्याचा घरी करण्याजोगा मला एवढाच सुरक्षित मार्ग वाटतो.

क्रीम लावलंच नाही

तिने सोबत एक महागडी कंडिशनरची बाटली आणली होती. ती तशीच परत नेली.

लेपाच्या चामड्यात कंडिशनर फार कमी शिरतं, बराचसा वरच राहतो, चिकट होतो, धूळ धरतो. वर्षातून एकदा-दोनदा, पाण्यावर आधारित क्रीमचा अगदी पातळ हात, तोही चामडं वळतं त्या जागी कोरडेपणा जाणवत असेल तरच, एवढं अशा बॅगेला पुरतं. हिच्यात तर आधीच स्निग्धांश गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता. त्यात भर घालणं म्हणजे पांढऱ्या थराला पुन्हा आमंत्रण. तिला हे पटायला वेळ लागला, कारण काळजी घेणं म्हणजे काहीतरी लावणं अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते.

बॅगेची खरी काळजी ठेवण्यात होती. प्लॅस्टिकची पिशवी आधी टाकली. तिच्या जागी पांढऱ्या सुती कापडाची, हवा खेळती राहणारी पिशवी. आत आम्लरहित टिश्यू पेपरचे सैल गोळे, बॅगेचा आकार राहील इतकेच. ठासून भरले तर शिवणी ताणतात. वर्तमानपत्र कधीच नाही, त्याची शाई अस्तराला लागते. बॅग उभी ठेवायची, हँडलला टांगायची नाही. भिंतीला न टेकता, दुसऱ्या बॅगेला न चिकटता. चकचकीत पेटंट लेदर शेजारी असेल तर मध्ये कापड हवंच, कारण शेजारच्या गोष्टीचा रंग ते पटकन घेतं आणि मग देत नाही.

कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवायला सांगितला. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चामड्याला मानवते. ६५ च्या वर ती बराच काळ राहिली की बुरशीला बळ येतं. तिच्या खालच्या खणात पहिल्याच सकाळी आकडा सत्तरीपार दिसला आणि बॅगेचा मुक्काम वरच्या खणात गेला. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण मोजक्या. ओल शोषून त्या भरल्या की निरुपयोगी होतात, रंग बदलणाऱ्या घेतल्या तर ते कळतं. त्यांतही नारिंगी घ्याव्या, निळ्या रंगासाठी वापरतात ते कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं. आणि हवाबंद डब्यात भरपूर जेल घालून बॅग कोंडली तर चामडं उलट जास्त कोरडं पडून तडकतं. उरलासुरला कुबट वास घालवायला बॅगेशेजारी, तिला न टेकता, सक्रिय कोळशाची कापडी पुरचुंडी ठेवली.

नंतरच्या गारव्यात फ्लॅपवर पुन्हा हलका पांढरटपणा दिसला. तिने घाबरून फोटो पाठवला, मग स्वतःच कोमट हवा देऊन टिपून घेतला. पूर्वीपेक्षा तो पुष्कळ विरळ होता. फ्लॅपखाली बुरशी परत आलेली नाही. बॅग आता ती वापरते, आणि वापरात असलेल्या बॅगेला हवा आपोआप मिळते.

एक गोष्ट बाकी आहे: हँडलच्या कडेवरच्या रंगाचे तडे. कडेचा रंग शोभेचा वाटला तरी चामड्याच्या दोन-तीन थरांच्या जोडात ओल शिरू नये म्हणून तो असतो. तडे वाढले की घामाची ओल आत जाते आणि थर सुटू लागतात. जुना रंग खरवडून, कड गुळगुळीत करून, नवा रंग थरांनी चढवणं हे कारागिराचं काम, घरात करायचं नव्हे. तिला एकच सुचवलं, की कुणाकडेही द्यायच्या आधी ब्रँडच्या दुरुस्ती विभागाकडे चौकशी कर. बाहेर रंगकाम झालेली बॅग नंतर दुरुस्तीला न घेणारे ब्रँड आहेत. बाहेरच द्यायची झाली तर कारागिराला तेलाचा इतिहास आधी सांग. तेल मुरलेल्या कडेवर नवा रंग धरत नाही, तिथे आधी तेल उतरवावं लागतं, आणि ते कसं उतरवणार हे त्याने नीट सांगितल्याशिवाय बॅग हातातून सोडू नकोस.